सिस्टरच्या नोंदवहीतलं हवामान

हवामानबदल आणि आरोग्य यांविषयी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना काय वाटतं आणि त्यासाठी ते प्रत्यक्षात काय करतात, हे मोजायला आता तयार प्रश्नावल्या मिळतात. ब्रिटनमध्ये प्लिमथ विद्यापीठात ‘सॅन्स’ तयार झाली, अमेरिकेत ‘चॅंट’ तयार झाली. त्यांची भाषांतरं होऊन स्पेन-जर्मनीपासून तुर्कस्तानपर्यंतच्या विद्यार्थ्यांनी त्या भरून दिल्या. बहुतेक पाहण्यांचा सूर एकच असतो. विद्यार्थ्यांना काळजी वाटते, विषय महत्त्वाचा आहे हे ते मान्य करतात, पण कृती त्या मानाने तोकडी पडते. घरी न चुकता दिवे बंद करणारी मुलगी वॉर्डात गेली की तिच्या हातून तसं काही घडत नाही. शेवटी ठरलेली शिफारस येते, की हा विषय अभ्यासक्रमात घाला.

आपल्याकडे नर्सिंगच्या प्रबंधांनाही ही वाट चांगली पाठ आहे. आधी पूर्वचाचणी, मग तासाभराचा ‘नियोजित शिक्षण कार्यक्रम’, मग उत्तरचाचणी. गुण वाढलेले असतातच. तासाभरापूर्वी सांगितलेलं तासाभराने विचारलं तर ते वाढणारच. प्रबंध बांधून होतो, ग्रंथालयात जातो, आणि विद्यार्थिनी पुढच्या पोस्टिंगला निघते.

परिचर्येचे विद्यार्थी आणि त्यांचे ट्यूटर यांच्यासाठी या विषयाची ही प्रस्तावना लिहिताना मी मुद्दाम एक गाव समोर ठेवलं आहे. गाव बेंबळी, तालुका आणि जिल्हा धाराशिव. जागतिक तापमानवाढीवर बोलायला बेंबळी कशाला, असं कुणी विचारेल. कारण असं, की त्या प्रश्नावल्या इथे आणल्या की त्यांचे सांधे निखळतात, आणि ते कुठे निखळतात ते पाहिलं की विषय नीट कळायला लागतो.

साधा प्रश्न घ्या. ‘घरी तुम्ही पाणी जपून वापरता का?’ पाच पर्याय, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत. बेंबळीच्या परिसरातली मुलगी डोळे झाकून ‘नेहमी’वर खूण करील. जिथे उन्हाळ्यात नळाचे दिवस मोजावे लागतात आणि टँकर आला की घागरींची रांग लागते, तिथे दुसरं उत्तर काय असणार? ‘खासगी गाडीऐवजी सार्वजनिक वाहनाने प्रवास करता का?’ करते ना, एसटीने, कारण घरात गाडीच नाही. ‘मांसाहार कमी करता का?’ सणावारी होतो तेवढाच. ‘वस्तू पुन्हा वापरता का?’ आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी आणि धाकटीच्या अंगावर थोरलीचे कपडे, ही तर घराची रीतच. बेरीज केली तर ही मुलगी युरोपातल्या कुठल्याही विद्यार्थिनीला मागे टाकील. त्या गुणांना पर्यावरणनिष्ठ आचरण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मला त्यात टंचाई दिसते. उद्या ती सिस्टर म्हणून पुण्यात लागली, पगार सुरू झाला, चोवीस तास पाणी आलं, की यातलं किती टिकेल ते त्या प्रश्नावलीला सांगता येणार नाही.

तिला हवामानाबद्दल काही कळत नाही, असंही समजू नये. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. आज नर्सिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. तिच्या शाळेच्या वयात घरातली जनावरं दावणीवरून चारा छावणीत गेली किंवा बाजारात गेली. उस्मानाबादी शेळी तेवढी राहिली, कारण ती काहीही खाऊन जगते आणि अडीनडीला विकता येते. त्याआधी २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट झाली होती. आणि सप्टेंबर २०२५मध्ये याच जिल्ह्यात, परंडा-भूमच्या भागात, पुरात अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. टँकरचा जिल्हा म्हणून ओळखला गेलेला हा मुलूख त्या महिन्यात पाण्याखाली होता. सोयाबीन रानातच सडलं. अनेक विद्यार्थिनींची फी याच सोयाबीनच्या पैशावर असते, हे कुठल्या प्रश्नावलीत कोणत्या रकान्यात लिहायचं?

‘हवामान’ हा शब्दही गावाला नवा नाही. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८पासून राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला आणि त्यात हा जिल्हाही होता. गावात त्याला ‘पोकरा’ म्हणतात. शेततळं पोकरातून, ठिबक पोकरातून, शेडनेट पोकरातून. ही अक्षरं ज्या इंग्रजी नावाची आहेत त्यातच हवामानाला तोंड देणारी शेती हा अर्थ आहे. म्हणजे बदलत्या हवामानासाठी पिकाची सोय लावायची असते हे शेतीखात्याने गावाला सात-आठ वर्षांपूर्वी सांगितलं. माणसाच्या अंगाचं काय करायचं, ते सांगायला आरोग्यखात्याकडून तितक्या ठसठशीतपणे कुणी आलं नाही. येणार असेल तर ती सिस्टरच असणार, कारण उपकेंद्रापर्यंत, वस्तीपर्यंत आणि चुलीपर्यंत पोचणारं दुसरं माणूस त्या खात्यात आशाताईंशिवाय नाही.

कागदावर मात्र सगळं आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने २०१८मध्ये परिचारिका आणि हवामानबदल यांवर आपली भूमिका जाहीर केली. २०१९मध्ये केंद्र सरकारने हवामानबदल आणि मानवी आरोग्य यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला, आणि त्याखाली दर वर्षी १ मार्चपासून उष्णतेच्या आजारांची नोंद घ्यायची असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात पाचव्या सत्राला सामुदायिक आरोग्य परिचर्येचा जो पहिला विषय आहे त्याच्या नावातच पर्यावरणशास्त्र आहे. राज्याची ‘माझी वसुंधरा’ मोहीम २०२०पासून चालू आहे, तिच्या शपथा घेतल्या जातात. ५ जूनला महाविद्यालयात रोपं लावली जातात, चार्ट रंगवले जातात, हिरव्या पृथ्वीला ताप आलेला आणि तोंडात थर्मामीटर असलेलं चित्र हमखास बक्षीस मिळवतं. माझं या चित्राशी भांडण नाही. पण पृथ्वीच्या तोंडातलं थर्मामीटर काढून पत्र्याच्या खोलीतल्या बाळाच्या काखेत कधी लावायचं, हे त्या चार्टवर नसतं.

ती पत्र्याची खोली जरा थांबून पाहू.

मराठवाड्याचं जुनं घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या हात-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर वणवा पेटलेला असला तरी आत गारवा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सुमारे ८ ते १० हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक याच भिंती नि याच माळवदांखाली गेली. त्यानंतर माणसाला डोक्यावर माती नको वाटली यात नवल नाही. परवडलं त्याने स्लॅब टाकला, बाकीच्यांनी पत्रे. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतो, हा हिशेब त्या वेळी अगदी बरोबर होता. पण तीस वर्षांत उन्हाळ्याने वेगळाच हिशेब मांडला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की पत्र्याखालची खोली दुपारी बाहेरच्याहून तापते. हवेला वाट नसली तर रात्रीही चटकन निवत नाही. एका आपत्तीला दिलेलं उत्तर दुसऱ्या आपत्तीचं कारण कसं होतं, याचं याहून जवळचं उदाहरण धाराशिवच्या विद्यार्थिनीला शोधायला नको. ती अशाच घरात वाढलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

आता त्या खोलीत बाळंतीण आहे असं समजा. दार ओढून घेतलेलं, खिडकी असलीच तर तिला कापड लावलेलं. कान बांधलेले. बाजेखाली शेगडीची राख अजून कोमट. बाळाच्या डोक्यावर लोकरीचं टोपडं, पायांत मोजे, वरून दुपट्यात गच्च गुंडाळलेलं. होम व्हिजिटला आलेली विद्यार्थिनी घरातल्या आजीला भीतभीत विचारते, “आजी, टोपडं जरा काढू का बाळाचं?” उत्तर तयार असतं, “अगं पोरी, वारं लागंल लेकराला. तुम्हीच सांगता ना, ऊब द्या म्हणून.”

आजीचं खरं आहे. आपणच सांगतो. नवजात बाळाची काळजी शिकवताना जोर सगळा थंडीवर असतो. बाळ लगेच पुसा, टोपी घाला, आईच्या छातीशी ठेवा, प्रसूतिकक्ष २५ ते २८ अंशांवर ठेवा. हे सगळं शास्त्रशुद्ध आहे आणि त्याने असंख्य बाळं वाचली आहेत. पण पुस्तकातला प्रसूतिकक्ष २५ अंशांचा आहे आणि मे महिन्यातली ही खोली तशी नाही. इथे बाळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप येतो, ते मलूल पडतं, लघवी कमी होते. दर वेळी तो जंतुसंसर्ग नसतो. कधी कधी दूध कमी पडल्याने आणि उकाड्याने अंगातलं पाणी घटलेलं असतं. मात्र नवजात बाळाचा ताप घरी बसून अंगावर काढायचा नाही, हेही तिला ठाऊक हवं. बाळाचं वजन, तापमान, दिवसात किती वेळा लघवी झाली ते पाहायचं, आईचं दूध घडीघडी पाजायला लावायचं, आणि शंका राहिली तर सरळ दवाखान्यात धाडायचं. वर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, कारण सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला उन्हाळ्यातही आईचं दूधच पुरतं. त्या आईला मात्र तांब्या भरून पाणी जवळ हवं, आणि नेमकं बाळंतिणीलाच पाणी कमी देण्याची रीत कित्येक घरांत अजून आहे.

हवामानबदल आणि आरोग्य हा विषय तो हाच. विद्यार्थिनीचा ‘दृष्टिकोन’ तपासायचा असेल तर तो या खोलीत तपासावा. आजीला न दुखवता ती शेगडी बाहेर काढू शकते का? पत्र्यावर भिजलेली पोती किंवा कडब्याच्या पेंढ्या टाकायला घरच्या पुरुषाला सांगू शकते का? चुन्याचा पांढरा हात दिल्याने छप्पर कमी तापतं हे तिला माहीत आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत जाऊन ती हे कुठे लिहिते?

लिहिण्याची जागा तशी आहे. सामुदायिक पोस्टिंगला प्रत्येक विद्यार्थ्याकडे फॅमिली फोल्डर असतो. त्यात घर कच्चं की पक्कं, छप्पर कशाचं, खिडक्या किती, पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, हे सगळे रकाने वर्षानुवर्षं आहेत. विद्यार्थिनी कम्युनिटी बॅग खाली वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवते, हात धुते, बीपी घेते, आणि जाता जाता ते रकाने भरते. ‘पत्रा. एक खिडकी. नळ, आठ दिवसांनी.’ पुढच्या पानावर आजोबांचा रक्तदाब, आजीची साखर, सुनेचं हिमोग्लोबिन. ही दोन पानं एकमेकांशी बोलत नाहीत. आजोबा रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेतात, पत्र्याखाली झोपतात, नळ आठ दिवसांनी येतो म्हणून पाणी बेताने पितात. या तीन नोंदी एका ओळीत आल्या की मे महिन्यात या माणसाला भोवळ येऊन तो पडणार हे सांगायला संगणक लागत नाही. आजींचं इन्सुलिन कुठे ठेवतात हेही याच ओळीतलं. फ्रिज नसेल, किंवा असून वीज नसेल, तर पाण्याचा ओला माठ किंवा दुहेरी मडकं बऱ्यापैकी काम देतं. हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या १८५९च्या परिचर्येवरील पुस्तकाचं पहिलंच प्रकरण हवा आणि ऊब यांवर आहे. तिचा फोटो आपण प्रत्येक कॉलेजात लावतो, १२ मेला समई लावतो. ती भारतात कधीच आली नाही, पण इथल्या दुष्काळांवर आणि पाटबंधाऱ्यांवर तिने वर्षानुवर्षं लिहिलं, १८७६-७८च्या दुष्काळात दख्खनच्या रयतेची बाजू घेतली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार ठेवला. पाटाचं पाणी आणि सावकाराचं कर्ज हे परिचारिकेच्या विषयाबाहेरचं आहे, असं तिला वाटलं नाही. समईच्या दिवशी एवढं जरी सांगितलं तरी चालेल.

जवळच्या काळात यायचं तर जिल्ह्याच्या शिवेलगत जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथे काम सुरू केलं आणि लगेचच दुष्काळ पडला. लोकांनी आधी अन्न-पाणी मागितलं. मग आरोग्याचं काम बोअरवेलपासून सुरू झालं, आणि ती बोअर दलित वस्तीत घेतली म्हणजे सगळ्या गावाला तिथे यावं लागेल, हा विचारही त्यात होता. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. भूकंपानंतर या भागात रुजलेल्या, प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने शेतकरी बायकांना एकेका एकरावर घरच्या खाण्याची पिकं घ्यायला उभं केलं, आणि त्या कामाला २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दुष्काळातही घरात डाळ, भाजी आणि ज्वारी राहावी म्हणून केलेली ही शेती म्हणजे सुनेच्या हिमोग्लोबिनचीच गोष्ट आहे. धाराशिवच्या नर्सिंगच्या मुलींना हवामानाशी जुळवून घेण्याची उदाहरणं पीपीटीवर उत्तर ध्रुवाच्या अस्वलापासून दाखवायची गरज नाही. एक बस पकडून अणदूरला नेलं तरी पुरे.

आता कामाच्या ठिकाणच्या आचरणाकडे येतो, कारण सगळ्या पाहण्यांत उणे गुण तिथेच पडतात. जगाच्या एकूण कर्बउत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा सुमारे ४.४ टक्के आहे, असा २०१९चा अंदाज आहे. त्यात बेंबळीच्या परिसरातल्या एखाद्या उपकेंद्राचा वाटा किती असेल? शून्यापुढे बरीच शून्यं द्यावी लागतील. त्यामुळे इथल्या विद्यार्थिनीच्या मनात कर्बाचा अपराधभाव भरणं मला मुळीच पटत नाही. जिथे ग्लोव्ह्जचा खोका संपला की दुसरा कधी येईल ते कुणी सांगत नाही, तिथे ‘ग्लोव्ह्ज कमी वापरा’ हे सांगणं धोक्याचं आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात परिचारिकांनी २०१८मध्ये गरज नसताना ग्लोव्ह्ज न घालण्याची मोहीम काढली आणि वर्षभरात सुमारे २१ टन प्लास्टिक वाचवलं. उत्तम झालं. त्यातून आपण घ्यायचं ते एवढंच, की मोहीम परिचारिकेने काढली, वरून परिपत्रक आलं नव्हतं, आणि ‘इथे ग्लोव्ह्जची गरज आहे का?’ हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे होता.

आपल्याकडे खरी अडचण नेमकी तिथे आहे. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी वॉर्डात इन्चार्ज सिस्टरच्या हाताखाली असते, इन्चार्ज मेट्रनच्या, मेट्रन अधिकाऱ्यांच्या. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम तिला तोंडपाठ असतात. पिवळ्यात काय, लालमध्ये काय, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, आणि ४८ तासांच्या पुढे साठवायचं नाही. पण लाल पिशवीत सलाइनच्या बाटलीबरोबर डब्याचा उरलेला भात पडला तर ती कुणाला टोकणार? ज्येष्ठांना टोकलं तर इंटर्नल मार्क कुणाच्या हातात असतात हे तिला कळतं. अशा मुलीच्या पाहणीत ‘कामाच्या ठिकाणी कृती: कमी’ असं लिहून मोकळं होणं म्हणजे हात बांधलेल्या माणसाला टाळ्या वाजवत नाही म्हणून नापास करणं आहे. नर्सिंगला आता मुलगेही येतात, ‘ब्रदर’ म्हणून वॉर्डात थोडं मोकळं बोलतात, पण उतरंड त्यांच्यासाठीही तीच.

तरीही एक गोष्ट आहे जिथे आपल्या सिस्टरला उष्णता वाचायला अप्रतिम शिकवलं गेलं आहे, आणि ती गोष्ट म्हणजे लस. लसीकरणाच्या दिवशी कॅरिअरमध्ये चार आइसपॅक, ते आधी बाहेर काढून थोडे घाम येईपर्यंत ठेवायचे, मग लसी आत. आयएलआरचं तापमान २ ते ८ अंश, सकाळ-संध्याकाळ वहीत टिपायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पोलिओच्या बाटलीवर एक वर्तुळ आणि त्यात एक चौकोन असतो. उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडत जातो, आणि तो वर्तुळाच्या रंगाला पोचला की बाटली बाद. उपकेंद्रातली सिस्टर भरउन्हात पिंपळाच्या सावलीत बसून तो चौकोन डोळ्याजवळ नेऊन पाहते. लसीला किती ऊन झालं हे देशातल्या कोपऱ्यातल्या केंद्रातही कळतं. त्याच पिंपळाखाली चार किलोमीटर चालत आलेल्या गरोदर बाईला किती ऊन झालं, हे टिपायला मात्र चौकोन नाही. शिस्त तयार आहे, हात तयार आहेत, वहीची सवयही आहे. ती लसीकडून माणसाकडे वळवायची, एवढंच काम आहे, आणि मला तरी ते एका नव्या पेपरपेक्षा अधिक मोलाचं वाटतं.

उष्णतेच्या बाबतीत नोंद हीच अर्धी लढाई आहे. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात भर उन्हात बसलेली १४ माणसं दगावली. तिथला पारा चाळिशीच्या आत होता, दमटपणाने घात केला. तो जाहीर कार्यक्रम होता म्हणून कारण कागदावर आलं. रानात खुरपायला गेलेली बाई दुपारी बांधावर पडली आणि घरी आणेपर्यंत गेली, तर तिच्या कागदावर बहुधा ‘हृदयविकार’ येतो. अहमदाबादेत मे २०१०च्या लाटेत नेहमीपेक्षा १३००हून अधिक माणसं जास्त गेली, आणि हा आकडा आजारांच्या निदानातून कळला नव्हता. नेहमीच्या मे महिन्यातल्या मृत्यूंशी तुलना केल्यावर तो पुढे आला. मग २०१३मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. तिथल्या एका सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, तो तळमजल्यावर हलवला, आणि उन्हाच्या त्रासाने दाखल होणारी नवजात बाळं कमी झाली. वॉर्ड हलवायला यंत्र लागलं नाही. वरच्या मजल्यावरच्या बाळांना ताप जास्त येतो हे कुणीतरी वहीत पाहिलं, एवढंच.

म्हणून उष्माघात ओळखण्याचं कौशल्य आधी पक्कं हवं. अंग ४० अंशांच्या वर आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर आधी गार करा, मग गाडी बोलवा, किंवा दोन्ही एकाच वेळी करा. कपडे सैल, अंगावर पाणी, वारा, काखेत-मानेत-जांघेत ओला फडका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात ओआरएस ओतायचं नाही. ‘ताप आला की गोळी’ ही सवय इतकी पक्की असते, की आधी गार करायचं हे विसरलं जातं. पावसाळ्याचंही एक कौशल्य आहे. जूनच्या आधीच आरसीएच रजिस्टरातून जुलै-सप्टेंबरमध्ये बाळंत होणाऱ्या बायकांची यादी काढायची, आणि त्यातल्या कोण ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहतात ते पाहायचं. पूर आल्यावर यादी शोधण्यात अर्थ नसतो. आणि टंचाईत घरोघर भरून ठेवलेल्या पाण्यात आठवडाभरात डासांची नवी पिढी तयार होते, त्यामुळे डेंगी फक्त पावसाचा आजार राहिलेला नाही. कोरडा दिवस पाळा असं सांगणारी विद्यार्थिनी आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरात उभी असते. ‘पाणी ओतून द्या’ हे तिथे कुणी ऐकणार नाही. ‘भांड्याचं तोंड धुतलेल्या फडक्याने बांधा’ हे ऐकतील.

विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन मोजूच नये, असं माझं म्हणणं नाही. मोजा, पण प्रश्न इथले विचारा. गेल्या पोस्टिंगमध्ये किती घरांत छप्पर आणि आजार यांची सांगड घालून लिहिलंत? उन्हाचा त्रास झालेला रुग्ण तुम्ही ओळखलात आणि सांगितलंत, तेव्हा ते कुणी नोंदवलं का? ज्येष्ठांची चूक दाखवायची वेळ आली तेव्हा काय केलंत, आणि नंतर तुमचं काय झालं? हे प्रश्न विचारले की कळेल, की उणीव विद्यार्थिनीच्या मनात किती आहे आणि तिच्या भोवतालच्या व्यवस्थेत किती. माझा अंदाज दुसऱ्या बाजूला झुकतो, हे आतापर्यंत लपलेलं नसेलच.

ट्यूटरांना एक विनंती. उष्णतेच्या आजारांची नोंद १ मार्चला सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी त्याची आठवण एप्रिलमध्ये पहिल्या बातमीबरोबर येते. या वर्षी फेब्रुवारीतच मुलांना घेऊन बसा. जुने फॅमिली फोल्डर काढा, पत्र्याचं छप्पर, पाण्याचे दिवस आणि घरातला सगळ्यात अशक्त माणूस या तीन नोंदी असलेली घरं वेगळी करा, त्यांची यादी आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टरकडे द्या, आणि पोस्टिंगची वेळ सकाळी सातची ठेवा. दुपारी बाराच्या उन्हात ॲप्रन घालून विद्यार्थ्यांना वस्तीवर फिरवणं आधी बंद करा.